पडून राहा, वहिनी

आईची केमो सुरू झाली आणि आमच्या साताऱ्याच्या घरात 'आराम'चा जप सुरू झाला. "पडून राहा, वहिनी," आत्या म्हणायची. मामा फोनवरून तेच. पाण्याचा तांब्यासुद्धा आईच्या हातात आणून दिला जायचा. दर २१ दिवसांनी ते लाल औषध. नंतरचे चार-पाच दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. गंमत म्हणजे (गंमत कसली!) जितका आराम, तितका थकवा जास्त. "झोपून उठले तरी अंगात जीव नाही गं."

हा थकवा साधा नसतो. केमोनं पेशी मरतात, शरीर आतून धुमसतं, रक्तात दाह वाढवणारी सायटोकाईन्स वाढतात. मेंदूला निरोप जातो: आजारी आहेस, हलू नकोस. झोपेनं हे विझत नाही. वर पडून राहिलं की स्नायू झिजतात, मग संडासापर्यंतचं अंतरही लांब वाटायला लागतं.

स्नायू नुसती हाडं हलवत नाहीत. कोपनहेगनच्या बेंटे क्लार्लुंड पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की आकुंचन पावणारा स्नायू स्वतःच रक्तात इंटरल्युकिन-६ सोडतो. वाचून मी दचकले, कारण हेच नाव दाह वाढवणाऱ्यांच्या यादीतही असतं! पण व्यायामातून ते थोडाच वेळ येतं आणि दाह शमवणारी रसायनं जागी करून जातं. केमो चालू असताना रक्तातले आकडे यानं किती बदलतात, यावर अभ्यासांचं एकमत नाही. थकव्याच्या बाबतीत पुरावा बराच भक्कम आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या 'आस्को' या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेनं सांगितलं की आजार बरा करण्यासाठीचे उपचार चालू असतानाच रुग्णांना चालण्याचा आणि ताकदीच्या व्यायामाचा सल्ला द्यावा.

आमच्या डॉक्टरीणबाईंनी दोन वाक्यांत निकाल लावला. "चालू द्या त्यांना. ताप असेल, हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट फार खाली असतील तर नाही, आणि पांढऱ्या पेशी कमी असताना गर्दीत नाही."

मग गच्ची. पहिल्या दिवशी सहा मिनिटं, त्यातली दोन कठड्याला टेकून. आत्या खालून ओरडली, "आजारी बाईला पळवतेस होय गं?" आईनं उत्तर द्यायला श्वास शिल्लक ठेवला नव्हता. पुढे औषध बदललं, तळवे बधिर झाले, तेव्हा गच्ची बंद. खुर्चीतून उठायचं, बसायचं, दहा वेळा. थकवा गेला नाही. पण तिसऱ्या आठवड्यात तिनं स्वतः कणीक मळली, आणि आत्याला हातही लावू दिला नाही.

पाचव्या केमोनंतर तिसऱ्या दिवशी मी खुर्ची पुढे ओढली. ती नको म्हणाली. मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्ची करकरल्याचा आवाज आला म्हणून डोकावले.

"तू जा बाहेर," आई म्हणाली. "तू मोजतेस."