कोरी चावी

नाशिकहून येताना त्र्यंबक मागे पडतं, तोरंगण घाटाची वळणं संपतात आणि मोखाड्याच्या माळावर रस्त्यावरच्या गाड्यांचं वय एकदम वाढतं. समोरून येणारी जीप वीस वर्षांची तर सहज असते. महिंद्राची कमांडर, बजाज टेम्पोची ट्रॅक्स, टाटा सुमो, कुणा मास्तरांनी नोकरीला लागल्यावर घेतलेली मारुती ८००, जव्हारात कुणाच्या तरी अंगणात ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली प्रीमियर पद्मिनी. पाट्यांवर अजून ठाण्याचं एमएच ०४ दिसतं. पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधी मोखाडा आणि जव्हार हे दोन्ही तालुके ठाण्याचे. काहींवर नाशिकचा १५, काहींवर सिल्वासाचा डीएन ०९. बोलेरो तर घाटापलीकडे नाशिकलाच बनते. कित्येक बोलेरोंचं सगळं आयुष्य जन्मगावापासून दोन तासांच्या टापूतच सरतं.

या गाड्या इथे टिकल्या, कारण त्यांचं सगळं काही उघडून बघता येतं. पेट्रोलच्या गाडीचा कार्बोरेटर काढून रॉकेलमध्ये धुता येतो, फाटलेल्या सीटवर रेक्झिनचा तुकडा शिवता येतो, सेल गेला तर चार माणसं ढकलून गाडी सुरू करतात. फक्त एक वस्तू अशी आहे की ती नसली तर गाडीतलं बाकी सगळं धड असूनही काही उपयोग होत नाही. वीतभरही नसलेला पितळेचा तुकडा. त्याच्याविषयी आपण फारच बेफिकीर असतो.

मोखाड्यात ही बेफिकिरी परवडत नाही. इथल्या कित्येक पाड्यांवरून आजारी माणसाला डोलीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. तिथून पुढे ज्याची गाडी हाताशी असेल त्याला उठवायचं. मोखाड्याचं ग्रामीण रुग्णालय, नाहीतर जव्हारचं पतंगशहा कुटीर रुग्णालय, तिथेही भागलं नाही तर नाशिक. रात्री दोन वाजता, श्रावणातल्या धो धो पावसात, बाळंतीण रस्त्याच्या कडेला आणून ठेवलेली असताना घरात चावी शोधत फिरणाऱ्या माणसाचा चेहरा मी पाहिला आहे. चावी तेव्हा सापडली. पण त्या पाच मिनिटांनी चावी या वस्तूकडे बघण्याची माझी नजर बदलली, आणि चावी करणाऱ्या माणसाकडे बघण्याचीही.

जव्हारच्या बाजारात असाच एक चावीवाला बसतो. समोर पत्र्याची पेटी, तारेच्या मोठ्या कड्यात ओवलेल्या शेकडो कोऱ्या चाव्या, एक लहानसा वाईस, कानशी आणि मेणबत्ती. भाताच्या आवणीच्या दिवसांत एक ड्रायव्हर त्याच्याकडे आला. चावी शेताच्या चिखलात गेली होती आणि गाडी मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याला उभी होती. गाडी आणणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने तिच्या डाव्या दाराचं कुलूपच उपसून प्लास्टिकच्या पिशवीत घातलं होतं आणि एसटीने जव्हार गाठलं होतं.

“मामा, संध्याकाळी पॅसेंजर हाय. होईल ना?”

“डाव्या दाराचं आणलंस हे बरं केलंस,” मामा म्हणाले आणि कुलूप कानाजवळ नेऊन त्यांनी हलकेच हलवलं.

डावं दार का, ते मला नंतर उमगलं. ड्रायव्हर रोज उजव्या दाराने चढतो, म्हणून उजव्या दाराचं कुलूप झिजतं, गाडी सुरू करायचं, म्हणजे सेलचं, त्याहून झिजतं. डाव्या दाराच्या कुलपात वर्षानुवर्षं कुणी चावी घालत नाही. कारखान्यातून निघताना गाडी कशी होती, ते त्या एका कुलपात जवळजवळ जसंच्या तसं शिल्लक असतं.

जुन्या गाडीच्या कुलपात पितळेच्या पातळ पत्त्या असतात, एकीमागे एक. प्रत्येकीच्या मधोमध चौकोनी खिडकी, कडेला बारीक स्प्रिंग. चावी नसते तेव्हा पत्त्या नळीबाहेर डोकावतात आणि नळीला फिरू देत नाहीत. बरोबर चावी आत गेली की तिच्या प्रत्येक खाचेवर एकेक पत्ती बसते, सगळ्या एका पातळीत येतात, नळी मोकळी होते. एखादी पत्ती अर्धा मिलिमीटर वर राहिली, तर बाकीच्या सगळ्या बरोबर बसूनही दार उघडत नाही.

मामांनी कड्यातून एक कोरी चावी निवडली. निवडणं हेच निम्मं काम, कारण चावीच्या अंगावरची लांब खोबण कुलपाच्या तोंडाशी जुळली नाही तर ती आतच जात नाही. मग ती मेणबत्तीच्या ज्योतीवर धरली. चावीच्या धारेवर काजळी चढली. ती हळूच कुलपात घातली, किंचित पीळ दिला, दोन-तीनदा वरखाली दाबली आणि बाहेर काढून उजेडात धरली. काळ्या धारेवर दोन जागी पितळ चमकत होतं. तिथे पत्त्या अडल्या होत्या. तीनधारी कानशीने तिथेच दोन हात. पुन्हा काजळी, पुन्हा कुलूप, पुन्हा उजेड. आता चमक तिसऱ्याच जागी. आतलं काहीही दिसत नसताना हा माणूस कुलपाला एकेक प्रश्न विचारत होता आणि कुलूप उत्तर देत होतं. ज्या जागी चमक उमटेनाशी झाली, तिथे कानस पुन्हा लावायची नाही. एक हात जास्त पडला की चावी टाकून द्यायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची, कारण कानशीने काढलेलं पितळ परत लावता येत नाही.

ड्रायव्हर चुळबुळत होता. मामांनी मान वर केली नाही. आजूबाजूला सुक्या बोंबलाचा वास, वरईचे ढीग, बांगड्यांच्या दुकानापुढे बायकांची गर्दी, आणि त्या सगळ्या कोलाहलात दोन बोटांत धरलेली एक कोरी चावी हळूहळू एका विशिष्ट गाडीची होत होती. अर्ध्या-पाऊण तासाने कुलूप फिरलं. आवाज इतका लहान की शेजारच्या दुकानात पोचला नसता. ड्रायव्हरने मात्र ऐकला.

आपल्याकडे चाव्या करणाऱ्यांत शिकलगार शीख समाजाचे लोक पुष्कळ आहेत. त्यांचे पूर्वज शीख गुरूंच्या फौजांसाठी शस्त्रं घडवीत, त्यांना धार आणि झळाळी देत. इंग्रजी अमलात, १८७८ च्या हत्यार कायद्यानंतर, ते काम उरलं नाही आणि पोलादाची पारख असलेले हे हात कढया, बादल्या, कुलपं, चाव्या यांच्याकडे वळले. फुटपाथवर पेटी मांडून बसलेल्या माणसाच्या बोटांत किती पिढ्यांची धातूची जाण आहे, याचा विचार आपण घासाघीस करताना करत नाही. करायला हवा.

जव्हार संस्थानाच्या गादीची दंतकथाही कापण्याचीच आहे. चौदाव्या शतकात ही गादी स्थापणाऱ्या जयबा मुकणे यांनी इथल्या वारली प्रमुखाकडे बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली, म्हणतात. ती कबूल झाल्यावर त्या कातड्याच्या बारीक बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि त्यांनी अख्खा मुलूख वेढून घेतला. ही गोष्ट जव्हारात चतुराईची म्हणून सांगतात. मला मात्र ती ऐकताना दर वेळी त्या वारली प्रमुखाचं वाईट वाटतं. बाजारातल्या मामांच्या कापण्यात कुणाचं काही जात नाही. ज्याचं असतं त्यालाच ते परत मिळतं. म्हणूनच जुन्या गाडीची चावी करण्याआधी आरसी बुक मागणारा चावीवाला भेटला तर रागवू नये. तो आपल्याच गाडीची राखण करत असतो. त्या ड्रायव्हरनेही कुलपाच्याच पिशवीत आरसी बुक घालून आणलं होतं.

ज्याच्याकडे एक चावी शिल्लक आहे त्याचं काम सोपं असतं, असं वाटतं. मशीनच्या एका पकडीत जुनी चावी, दुसरीत कोरी. एक टोक जुनीच्या दातांवरून सरकतं आणि चाक कोरीवर तेच दात कापत जातं. दोन मिनिटांत चावी तयार. पण मशीन समोर असेल तेवढंच उतरवतं. वीस वर्षं वापरलेल्या चावीचे दात गोलसर झालेले असतात. त्यांची नक्कल म्हणजे त्या झिजेचीही नक्कल. मग ती दुसरी चावी दहा वर्षं वापरली जाते आणि तिच्यावरून तिसरी निघते. अशा गाड्यांचे मालक आपल्याला सांगतात, “थोडी बाहेर ओढ, मग वर दाबून फिरव.” त्यांना ती गाडीची खोड वाटते. असतं ते पितळ झिजल्याचं लक्षण, आणि एका पावसाळ्यात तीही युक्ती चालेनाशी होते.

चांगला कारागीर अशा वेळी चावीची आंधळी नक्कल करत नाही. कारखान्यात दातांच्या खोल्या ठरलेल्या असतात, चार किंवा पाच पायऱ्यांच्या. झिजलेला दात बघून तो मुळात कुठल्या पायरीवर असेल, हे त्याला ओळखता येतं, आणि तो त्या पायरीवर कापतो. चावीचा नंबर हाती असेल तर तेही करावं लागत नाही. हा नंबर पुष्कळदा मूळ चावीवर, तिच्याबरोबर आलेल्या लहानशा बिल्ल्यावर किंवा कुलपाच्या नळीवर ठोकलेला असतो. नव्या गाडीबरोबर आलेला तो बिल्ला आपण पहिल्याच आठवड्यात कुठेतरी भिरकावून देतो.

याच पायऱ्यांचा हिशेब मांडला तर एक गंमत कळते. पाच पत्त्या आणि प्रत्येकीच्या चार खोल्या धरल्या, तर सगळ्या मिळून १०२४ वेगवेगळ्या चाव्या होतात. त्याहून एकही जास्त नाही. १४ डिसेंबर १९८३ ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची चावी हरपाल सिंग यांच्या हाती दिली. जानेवारी २०१४ मध्ये या गाडीचं उत्पादन थांबेपर्यंत ती देशात पंचवीस लाखांहून अधिक घरांत पोचली होती. तेव्हा लग्नाच्या मांडवाबाहेर एकाची चावी दुसऱ्याच्या गाडीला लागली, हे किस्से खोटे नसतात. आणि दुसऱ्या महायुद्धातल्या सुरुवातीच्या विलिस जीपना तर सर्रास एकाच नंबरची चावी असे. पुढे सैन्याने चावीच काढून टाकली आणि नुसता खटका ठेवला. युद्धात चावी शोधायला वेळ नसतो.

नव्या गाड्यांच्या चावीत चिप असते. दात बरोबर कापले तरी गाडी ओळख पटल्याशिवाय सुरू होत नाही, आणि ती ओळख पटवणारं यंत्र शहरात. चोरीला त्याने आळा बसतो हे मान्य. पण खोडाळ्याच्या ड्रायव्हरला कुलूप पिशवीत घालून बाजार गाठण्याची सोय त्यात उरत नाही.

धुळीविषयी एक सांगायलाच हवं. उन्हाळ्यात इथली मुरमाची लाल धूळ सगळीकडे शिरते आणि चावी अडखळू लागली की लोक कुलपात तेल सोडतात. दोन दिवस बरं वाटतं, मग तेलावर धूळ बसून आत चिखल होतो आणि स्प्रिंगा रुततात. त्यापेक्षा शिसपेन्सिलीचं टोक खरवडून त्याची कोरडी पूड चावीला फासावी आणि चावी आतबाहेर करावी. कुलपाला तेवढंच वंगण मानवतं.

दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याची कितीतरी कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. टेम्पोत भांडी, कोंबड्या, पोरं. त्याच सुमाराला एका बाजाराच्या दिवशी मामांच्या पेटीपुढे एक बाई उभी होती, हातात घराचं लहानसं कुलूप. तिला दुसरी चावी करून हवी होती. एक तिच्याबरोबर भट्टीवर जाणार होती आणि एक मागे राहणाऱ्या सासूपाशी. “होळीला येऊ, पण म्हातारीला मधेच काय लागलं तर?” ती म्हणाली. गाड्या बाळगणाऱ्या आम्हा लोकांपैकी फार थोड्यांनी एवढा विचार केलेला असतो.

तर ज्यांच्याकडे जुनी गाडी आहे त्यांना एवढीच विनंती. मूळ चावी शाबूत असेल तर तिच्यावरून दुसरी याच आठवड्यात करून घ्या आणि रोज वापरायला ती नवी घ्या. मूळ चावी जपून ठेवा, म्हणजे पुढच्या सगळ्या चाव्या तिच्यावरून निघतील. मूळ चावी हरवली असेल तर गाडी बंद पडायची वाट न बघता डाव्या दाराचं कुलूप चावीवाल्याला दाखवा. चावीचा नंबर सापडला तर घरातल्या वहीत लिहून ठेवा, गाडीत नको. करून घेतलेली चावी तिथेच उभं राहून दोन्ही दारांना आणि सेलला लावून बघा. आणि जी चावी राखून ठेवाल, ती जिथे ठेवली ती जागा घरातल्या निदान एका माणसाला आजच सांगा.