दिव्यांचा कोट

आमच्या शाखेतले दप्तरी निवृत्त व्हायचे होते. शाल, श्रीफळ आणि घड्याळ असं ठरत होतं. (ज्याला उद्यापासून वेळ बघायचं कारणच उरणार नाही, त्याला घड्याळ देण्याची प्रथा कोणी पाडली कोण जाणे!) तेवढ्यात तेच मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, घड्याळ नको. 'याराना'तला तो दिव्यांचा कोट एकदा अंगात घालायचाय."

'याराना' १९८१ चा. कलकत्त्याच्या नेताजी इनडोअर स्टेडियममध्ये अमिताभ अंगभर दिवे लावून नाचला, तोच कोट. त्या दिव्यांना चक्क घरच्यासारखी विजेची वायर जोडलेली होती आणि नाचताना झटके बसत होते, असं पुढे त्यानेच सांगितलं. त्या पावलांचं रहस्य मला तेव्हा उलगडलं. पण तोच प्रयोग दप्तरींवर केला असता, तर त्यांची ग्रॅच्युइटी वहिनींच्या सहीने निघाली असती.

तेव्हा बॅटरी. मी बी.कॉम.; विजेशी संबंध बिल भरण्यापुरता. पण तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने समजावलं आणि लक्षात आलं, अरे, हा तर आपलाच धंदा! बॅटरीत शिल्लक ९ व्होल्ट. लाल एलईडीला लागतात साधारण २. तीन ओळीने जोडले की ६ खर्ची पडले. उरलेले ३ रेझिस्टरच्या माथी. तो नसला तर एलईडी मिळेल तेवढा करंट उचलतो आणि जळून मोकळा होतो. (असे खातेदार मी पुष्कळ पाहिलेत.) २२० ओहमचा रेझिस्टर १४ मिलिअँपियरच्या वर दमडी सोडत नाही. कर्जखात्यात असा अधिकारी मला अजून भेटायचाय. एलईडीचा लांब पाय जमेकडे, आखूड नावेकडे. उलटा लावला तर पेटत नाही, पण तक्रारही करत नाही.

अशा दहा ओळी शेजारी शेजारी जोडल्या. तीसही दिवे एकाच माळेत ओवले असते तर ६० व्होल्ट लागले असते, शिवाय एक गेला की सगळे गेले. आमच्या काउंटरवर एकजण चहाला उठला की रांगेचं होतं, तसं. तारा माझ्या लग्नातल्या कोटाच्या अस्तरात गेल्या. टाके सौ.ने घातले, तिच्या मते त्या कोटाचा इतक्या वर्षांत झालेला हा पहिलाच उपयोग.

समारंभात हॉलमधले दिवे घालवले. दप्तरींनी खिशातलं बटण दाबलं आणि छत्तीस वर्षं लेजरं वाहून दुखावलेला गुडघा विसरून ते असे काही नाचले, की रिजनल मॅनेजरांनी शिट्टी वाजवली. वहिनी तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. हसत होत्या की रडत होत्या, अंधारात कळलं नाही.

त्यांना माझ्या स्कूटरवरून घरी सोडायला निघालो. म्हटलं, "आता बटण बंद करा, बॅटरी उतरेल."

"उतरू द्या हो. आमच्या चाळीनं कुठं बघितलंय अजून?"

सिग्नलला थांबलो. दिवा हिरवा झाला, तरी मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न म्हणून वाजवला नाही.