पत्रक निघण्याआधी

‘अलिबाग (जिमाका)’ अशी सुरुवात असलेला मजकूर मी आधी बरीच वर्षं वाचला आणि नंतर स्वतः लिहिला. जिमाका म्हणजे जिल्हा माहिती कार्यालय. कर्जत-खालापूरचा वार्ताहर होतो तेव्हा हे पत्रक हातात पडलं की भाषणाचे परिच्छेद उडवायचे, योजनेची रक्कम आणि अर्जाची शेवटची तारीख ठेवायची आणि मग नेरळ किंवा चौकच्या एखाद्या माणसाला गाठून विचारायचं, बाबा, हे पैसे तुला खरंच मिळाले का? पत्रकारिता या शेवटच्या प्रश्नातच असते, असं मी तेव्हा मानत होतो आणि आजही मानतो. शासनाच्या माहिती खात्यात रुजू झालो तेव्हा मित्र धरूनच चालले, की आता याचा प्रश्न संपला. तो संपला नाही. पूर्वी बातमी आल्यावर विचारायचो, आता पत्रक निघण्याआधी विचारावा लागतो. समोर साहेब बसलेले असतात, त्यामुळे पुरावा हाताशी ठेवूनच विचारावा लागतो.

रोजचं काम बाहेरून दिसतं तेवढंच असतं. सकाळी कात्रणं, चुकीच्या बातमीवर खुलासा, मंत्र्यांचा दौरा, मान्यवरांच्या नावांचा राजशिष्टाचाराप्रमाणे क्रम, आणि पानं लागायच्या आत वृत्त पाठवणं. यात फार काही सांगण्यासारखं नाही. सांगण्यासारखं आहे ते तारखांबद्दल.

कर्जत आणि खालापूरच्या वाड्यांमधली कातकरी कुटुंबं भातकापणी उरकली, दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात वाडीत म्हातारी माणसं तेवढी असतात. जातीचे दाखले आणि रेशनकार्डांचं शिबिर फेब्रुवारीत लावलं, तर मंडप भरेल, फोटो येईल आणि ज्यांच्यासाठी शिबिर, ती माणसं भट्टीवर असतील. तालुक्याच्या वार्ताहराला हे ठाऊक असतं, कारण वीटभट्टीची बातमी त्यानेच कधीतरी केलेली असते. अशा शिबिराचं पत्रक लिहायला आलं की मी आधी तारीख विचारतो. तारीख दरवेळी बदलते असं नाही. पण कधी शिबिर आधी घेतलं जातं, कधी पथक भट्टीवर जाऊन अर्ज भरून घेतं. ही बातमी कुठेच येत नाही, आणि माझ्या नोकरीतलं उत्तम काम मी यालाच समजतो.

दुसरी गोष्ट आकड्यांची. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वर जायला गाडीरस्ता नाही, निसरड्या पायवाटेची चढण. धुकं आणि पाऊस यांमुळे हेलिकॉप्टरचा उपयोग नव्हता, अवजड यंत्रं चढत नव्हती. एनडीआरएफचे जवान आणि स्थानिक गिर्यारोहक फावडी-कुदळींनी माती उपसत होते. मदतीला चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा वाटेतच मृत्यू झाला. पायथ्याला वाहिन्यांच्या गाड्यांची रांग, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न: आकडा किती?

तो आकडा काढणं किती अवघड होतं, हे लांबून कळणार नाही. वाडीची लोकसंख्या २२८. पण त्या रात्री वाडीत होतं कोण? काही मुलं आश्रमशाळेत होती, म्हणून वाचली. कुणी कामासाठी बाहेर गेलेलं. ओळखणारं माणूस समोर येऊन ‘हा आमचा’ किंवा ‘ही तिकडे मामाकडे आहे’ असं सांगेपर्यंत एखादं नाव कुठल्याच रकान्यात टाकता येत नव्हतं. वार्ताहराला ‘समजते’, ‘सूत्रांची माहिती’ असं लिहिण्याची मुभा असते. सरकारी वृत्तात ती नसते, आणि नसावीच. त्या यादीत नाव कुठे आहे यावर वारसाला मिळणारी पाच लाखांची मदत अवलंबून असते. नाव बेपत्तांत राहिलं, तर एरवी त्या माणसाला मृत मानायला कायदा ७ वर्षं थांबतो. शेजारच्या वाडीतली बहीण तीच यादी बोटाने ओळ धरून वाचत असते.

अशा वेळी ओळखीचा पत्रकार खांद्यावर हात ठेवून ‘अरे, अंदाज तरी दे’ म्हणाला, तरी अंदाज द्यायचा नाही. पुढची अधिकृत माहिती किती वाजता मिळेल ते सांगायचं, आणि ती वेळ काही झालं तरी पाळायची. नवं काही हाती नसलं तरी त्या वेळेला समोर जाऊन तसं सांगायचं. वेळ चुकली की अफवेला जागा मिळते.

२३ जुलैला नातेवाइकांशी बोलून शोधकार्य थांबवण्याचा निर्णय पालकमंत्री उदय सामंत यांनी जाहीर केला. २७ मृतदेह सापडले होते, ५७ जण बेपत्ता, १४४ जण वाचले. बेरीज २२८.

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. असं वाक्य सरकारी मजकुरात शेवटच्या परिच्छेदात ढकलावं असं सुचवणारी माणसं प्रत्येक खात्यात भेटतात. माझं मत उलट आहे. ते वर असावं, कारण लोकांना ते माहीत झालेलं असतंच, आणि शासन ते सांगतंय म्हटल्यावर त्याखालच्या मदतीच्या ओळींवरही लोक विश्वास ठेवतात.

आता पावसाळ्याआधी धोक्याच्या वाड्यांबद्दल पत्रक निघतं, तेव्हा जुन्या तालुका प्रतिनिधींचे फोन येतात. ‘सुरक्षित स्थळी हलवणार म्हणजे कुठे? कुठल्या वाडीला कुठली शाळा? त्या शाळेच्या छपराचं काय?’ मी चिडत नाही. प्रश्न लिहून घेतो आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकीत जसेच्या तसे मांडतो. उत्तर मिळालं की त्याच दिवशी सुधारित पत्रक काढतो, वाडीचं नाव आणि त्यापुढे शाळेचं नाव घालून.