सिंगापूर की इंटरलाकेन?



जानेवारीपासून आमच्या मुलुंडच्या घरात एकच वाद चालला होता. मे महिन्यात सिंगापूरला जायचं की स्वित्झर्लंडमधल्या इंटरलाकेनला? शेवटी काय ठरलं आणि कसं ठरलं, ते आज लिहिते. रात्री न जेवणाऱ्या, कंदमूळ न खाणाऱ्या घराला परदेशी जायचं तर कोणते प्रश्न पडतात, हेही त्यात येईलच.

आधी घाई कशाची होती ते सांगते. सासूबाई 72 वर्षांच्या आहेत. त्यांनी दिवाळीतच सांगून टाकलं की येत्या चातुर्मासात त्या महाराजांकडून दिग्व्रत घेणार. श्रावकाच्या बारा व्रतांतलं हे व्रत. कोणत्या दिशेला किती दूर जायचं, याची मर्यादा आपणच आखायची आणि आयुष्यभर ती ओलांडायची नाही. चार दिशा, चार कोन, शिवाय वर आणि खाली, अशा दहा दिशा. आईंनी पूर्वेला शिखरजी, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, पश्चिमेला गिरनार, उत्तरेला हस्तिनापूर असं वहीत लिहून ठेवलंय. म्हणजे यापुढे परदेश नाही. तेव्हा मे महिन्याचा प्रवास हा त्यांच्यासोबतचा आमचा पहिला आणि शेवटचा परदेश प्रवास. पुढच्या वर्षी दुसरीकडे जाऊ, ही सोय यात नव्हती.

ह्यांचं मत सिंगापूर. विमान साडेपाच-सहा तासांचं, खर्च आमच्या हिशोबाने जवळजवळ निम्मा. शहर सपाट, मेट्रोत सगळीकडे लिफ्ट. सेरंगून रोडवर 1947 पासून चालू असलेलं कोमला विलास आहे, भाजी-किराणा सगळं मिळतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिथे जैन समाजाचं केंद्र आहे. आईंचा रोज देवदर्शनाचा नियम आहे. प्रवासात त्यांनी सूट ठेवली आहे, पण सूट आहे म्हणून ती वापरायलाच हवी असं थोडंच आहे? खरं सांगायचं तर माझंही मन सिंगापूरकडेच होतं. परगावी गेल्यावर स्वयंपाकाचा घोर कुणाच्या डोक्याला असतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

लेकीची दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपणार. तिला इंटरलाकेन हवं होतं. थुन आणि ब्रिएंझ या दोन तळ्यांच्या मध्ये वसलेलं गाव, समोर युंगफ्राऊचं बर्फाचं शिखर, आणि आकाशात दिवसभर पॅराग्लायडर. तिचा मुद्दा एकच होता. "आई, आपण मुंबईत राहतो. उंच इमारती, मॉल, मेट्रो बघायला समुद्र ओलांडून कशाला जायचं?" ह्यांनी उत्तर दिलं, "डोंगर तर आपल्याला खिडकीतून दिसतो." मुलुंडच्या आमच्या खिडकीतून राष्ट्रीय उद्यानाची टेकडी दिसते, ते खरं. अर्थात आता दोन टॉवरच्या फटीतून दिसते, तेवढीच.

मग मी वही घेतली आणि घरच्या नियमांप्रमाणे एकेक गोष्ट मांडली.

पहिली गोष्ट सूर्यास्त. मे महिन्याच्या मध्यावर सिंगापूरला सूर्य सातच्या सुमारास मावळतो, आपल्या मुंबईसारखाच. पण त्या शहराची खरी मजा दिवे लागल्यावर सुरू होते. मरीना बेची रोषणाई, गार्डन्स बाय द बेमधली झाडं, नाइट सफारी, सगळं रात्रीचं. म्हणजे आम्ही सहा वाजता सगळं सोडून जेवायला धावणार आणि मग पाणीही न पिता त्या दमट हवेत फिरणार. आईंना ते झेपणारं नव्हतं. इंटरलाकेनला त्याच दिवसांत सूर्य सहाच्या आत उगवतो आणि नऊच्या सुमारास मावळतो. पंधरा तासांचा दिवस. सगळं बघून, सावकाश परत येऊन, स्वयंपाक करून उजेडात जेवता येतं. हे ऐकून आई म्हणाल्या, "सूर्य नऊला मावळतो म्हणून मी नऊला जेवणार नाही हं. माझी वेळ माझीच."

दुसरी गोष्ट जेवण. इथे सिंगापूर सरळ जिंकतं. स्वित्झर्लंडमध्ये चीज सगळीकडे, पण ग्रुयेरसारख्या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट घालतात, म्हणजे आपल्याला वर्ज्य. बेकरीच्या मालात अंडं असतं. दुकानं संध्याकाळी लवकर मिटतात आणि रविवारी बहुतेक बंदच, स्टेशनातली तेवढी उघडी. भारतातून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे तूप, पेढे, खव्याच्या वड्या सगळं बाद. तिथे जायचं तर हॉटेल नको, स्वयंपाकघर असलेलं घर हवं. भाजणी, मेतकूट, लसूण न घातलेली दाण्याची चटणी, मूगडाळ, तांदूळ, पाणी गाळायचा कपडा आणि छोटा कुकर, एवढं सोबत. लोणी आणि दूध तिथलं. तूप मी तिथेच कढवणार.

तिसरी गोष्ट उंची. इंटरलाकेनला जाणारे लोक युंगफ्राऊयोखला जातातच. 1912 साली सुरू झालेली रेल्वे डोंगराच्या पोटातून बोगद्याने थेट 3,454 मीटरवर नेते. आईंना रक्तदाब आहे. आमच्या डॉक्टरांनी एवढ्या उंचीला नको म्हणून स्पष्ट सांगितलं. "मग तिथे जाऊन उपयोग काय?" हे विचारू लागले. तेव्हा लेकीने हार्डर कुल्म शोधून काढलं. गावाला लागूनच असलेला डोंगर, उतारावरून ओढत नेणारी छोटी गाडी दहा मिनिटांत वर पोचवते, तिथून तिन्ही मोठी शिखरं समोर. उंची 1,322 मीटर. मी वहीत लिहिता लिहिता थांबले. आमच्या पारसनाथच्या डोंगराची उंची साधारण 1,365 मीटर. आई पंधरा वर्षांपूर्वी अनवाणी शिखरजी चढून आल्या होत्या. "म्हणजे आपल्या शिखरजीहूनही थोडं खालीच," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या मनातली स्वित्झर्लंडची भीती त्या एका आकड्याने निम्मी झाली असावी.

तरीही काही ठरत नव्हतं. दोन्ही बाजूंची बेरीज सारखीच येत होती. शेवटी मी आईंनाच विचारलं. त्यांनी नाव कुणाचंच घेतलं नाही. एवढंच म्हणाल्या, "माझे गुडघे बघता मी फिरणार कमी आणि बसणार जास्त. तुम्ही मला जिथे बसवाल, तिथून काय दिसेल ते सांग."

मग मी दोन्हीकडच्या बाकांचा विचार केला. सिंगापूरमध्ये आई बसणार मॉलच्या आत, एसीत, दुकानांकडे तोंड करून, आमची पिशव्या घेऊन यायची वाट बघत. सिंगापूर वाईट आहे असं नाही. पण शहर चालणाऱ्याचं असतं. बसलेल्या माणसाला ते ताटकळत ठेवतं. इंटरलाकेनमध्ये गावाच्या मधोमध होहेमाट्टे नावाचं मोठं गवताचं मैदान आहे. कडेने रस्ता, झाडं, बाकं. समोर युंगफ्राऊ. पॅराग्लायडर वरून येऊन याच मैदानात उतरतात. म्हणजे लेक उडेल, आणि आजी बाकावर बसून तिला उतरताना बघेल. आई हिरवळीवर पाय देत नाहीत, त्यांना कडेचा रस्ता पुरे.

या मैदानाबद्दल वाचताना एक गोष्ट कळली, ती मला फार आवडली. 1864 साली तिथले हॉटेलवाले आणि काही नागरिक एकत्र आले, त्यांनी ती जमीन विकत घेतली आणि तिच्यावर कधीही बांधकाम करायचं नाही असं ठरवलं. गावातली सगळ्यात महागडी जागा, आणि आजही तिथे फक्त गवत आहे. मी ते जेवताना वाचून दाखवलं. ज्यांच्या खिडकीतली टेकडी टॉवरमागे गेली, त्यांना याची किंमत कळते. आई म्हणाल्या, "म्हणजे गावानेच व्रत घेतलं म्हण की."

त्या वाक्यानंतर ह्यांनी सिंगापूरचं नाव काढलं नाही. पण देवदर्शनाचा प्रश्न उरलाच होता, तो ह्यांनी आईंपुढे मांडला. तिथे मंदिराची सोय नसेल, चालेल का? आईंनी थोडा वेळ घेतला. मग म्हणाल्या की पार्श्वनाथांचा फोटो आणि जपमाळ बरोबर घेईन, आणि जायच्या आधी एक दिवस बोरिवलीच्या त्रिमूर्ती मंदिरात घेऊन चला. आदिनाथ, भरत, बाहुबली यांच्यासमोर उभं राहून निघेन. ह्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांना ते पूर्ण पटलेलं नाही. मलाही थोडी टोचणी आहेच. सिंगापूरला गेलो असतो तर ही एक गोष्ट सोडावी लागली नसती.

तर ठरलं ते असं. सहा रात्री, एकाच घरात, एकाच गावात. पॅरिस नाही, झ्युरिकही फक्त विमानतळापुरतं. युंगफ्राऊयोख नाही. एक दिवस थुनच्या तळ्यात बोट, एक दिवस लाउटरब्रुनेन, जिथला 297 मीटरचा धबधबा गावच्या रस्त्यावरूनच दिसतो, एक दिवस हार्डर कुल्म. लेकीचं एक उड्डाण. बाकीचा वेळ बाक. खर्च वाढला म्हणून आमच्या स्वयंपाकघराचं नवं काम दोन वर्षं पुढे गेलं. गळका नळ तेवढा बदलून घेतला.

ओळखीतल्या एकीने विचारलं, "एवढं लांब जाताय आणि एवढंच बघणार?" मी पूर्वी वस्तूंचा परिग्रह मोजत असे, साड्या किती, भांडी किती. या वादात जाणवलं की जागांचाही परिग्रह होतो. सात दिवसांत पाच देश, अकरा शहरं, प्रत्येकाचा एक फोटो. दिग्व्रत घेणाऱ्या बाईबरोबर प्रवास आखला की प्रश्न बदलतो. किती बघायचं हे मागे पडतं, कुठे थांबायचं हे पुढे येतं.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला आईंनाही स्वतः जावं लागलं. येताना लोकलमध्ये त्यांनी वही काढली. चारही दिशा लिहिलेल्या आहेत. 'वर' या शब्दापुढची जागा अजून कोरी आहे. ती परत आल्यावर भरीन म्हणाल्या.