काउंटरपलीकडचा वाचक

देवघेव विभागात ज्याच्या हाती आपण जुने पुस्तक देतो आणि ज्याच्याकडून नवे घेतो, तो स्वतः काय वाचत असेल, हा प्रश्न आम्हां दोघांना एम. ए.च्या वर्गात जाईपर्यंत कधी पडला नव्हता. २००१ सालची गोष्ट. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये स्थापन झाले. तोवर आमचा अभ्यासक्रम कोल्हापूरहून, शिवाजी विद्यापीठाकडून येई, आणि त्यात जे असे तेच आम्ही मागत असू. शहरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी नामांकित संस्था असूनही आम्ही जात असू ते घराजवळच्या एका लहानशा वाचनालयात.

तेथील देवघेवीवरचे गृहस्थ पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलणारे. मराठी त्यांना शाळेने दिली आणि पुढे पुस्तकांनी. एके दुपारी आम्ही कादंबरीच्या इतिहासावरचा जाडजूड ग्रंथ मागितला. त्यांनी तो काढून दिला आणि त्यावर, न मागता, विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ ठेवले. “हे पण न्या. मी दोनदा वाचलोय. बोटीवरची गोष्ट हाय, पण समुद्र न बघितलेल्या माणसालापण कळती.”

सांगण्यास संकोच वाटतो, पण १९३९ सालच्या या कादंबरीवर आमची दहा गुणांची टीप तोंडपाठ होती: आंतरराष्ट्रीय पार्श्वभूमी, मितव्ययी निवेदन, काळाच्या पुढे असणे. कादंबरी मात्र आम्ही वाचलेली नव्हती. त्या रात्री एकाने वाचली, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने.

आठवड्याने पुस्तक परत करताना त्यांनी विचारले, “कसं वाटलं?” आम्ही निवेदनतंत्राविषयी बोललो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “ते असंल. पण त्या पोरीला त्यानं मुंबईत उतरवून घ्यायला पायजे होतं का नको?” आम्हांला उत्तर सुचेना. त्या प्रश्नावरून आमचा आपसांतला वाद आजही मिटलेला नाही, आणि टिपेतले मुद्दे मात्र आठवावे लागतात.

रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, अशी दोन सूत्रे आहेत. ग्रंथालयशास्त्र ती वर्गीकरणाने आणि तालिकेने साधू पाहते. १९६७ च्या कायद्यान्वये ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात. ग्रंथ मोजले जातात, सभासद मोजले जातात. कर्मचाऱ्याला काय आवडले याचा रकाना तेथे नसणार, आणि नसावाही. त्याने आपली आवड वाचकावर लादू नये, हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. पण त्या गृहस्थांनी आमचा ग्रंथ नाकारला नव्हता. मागितलेले दिले आणि वर आपले ठेवले. हा विवेक पुढे आम्हां अध्यापकांना तरी कोठे साधला?

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, “तुम्हांला आवडलेलं एखादं पुस्तक सांगा ना.” आम्ही सवयीने संदर्भग्रंथांची यादी दिली. तिने ती मुकाट्याने उतरवून घेतली आणि म्हणाली, “हे अभ्यासाचं झालं.”

दुसऱ्या दिवशी आमची ‘रणांगण’ची प्रत तिच्या वहीवर ठेवली. ती अद्याप परत आलेली नाही, आणि आम्ही मागितलेलीही नाही.