न उघडलेलं पार्सल

गणपतीच्या स्टॉलवरून आईच्या नागलीच्या पापडांची पाकिटं आपल्यापैकी बऱ्याच घरांत गेली आहेत. ते पापड ऑनलाइन विकायची कल्पना माझी होती आणि ती फसली तीही माझ्यामुळेच. कोजागरीला तिघाचौघांनी विचारलं, "काय झालं रे त्याचं पुढे?" प्रत्येकाला अर्धवट उत्तर देण्यापेक्षा एकदाच लिहिलेलं बरं.

आई नागली घेते ती खानवेलकडच्या एका बाईंकडून, वर्षानुवर्षं त्याच. उकड काढायची, गरम असतानाच मळायची, लाट्या करून दाबायच्या, गच्चीवर वाळवायच्या. फेब्रुवारी ते मे आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. बाबा कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मला वाटलं, यातून काहीतरी उभं करावं. एफएसएसएआयची नोंदणी केली, चौदा आकडी क्रमांक पाकिटावर छापला. जीएसटीची गंमत निराळीच. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना नोंदणीशिवाय अशा संकेतस्थळांवर माल विकता येतो, पण फक्त आपल्याच राज्यात किंवा केंद्रशासित प्रदेशात. नाशिक-पुण्याच्या माणसाला त्यात अख्खा महाराष्ट्र मिळतो. आपण सिल्वासाहून रिक्षात बसलो की अर्ध्या तासात वापी, म्हणजे परराज्य! तेव्हा नोंदणी करणं आलंच.

एवढं सगळं मी स्वतः केलं, आणि फोटो व मजकूर मात्र एका एजन्सीला दिला. तीन वस्तू: पापड, कुळथाचं पीठ, गोडा मसाला. पंचवीस हजार रुपये, अर्धे आगाऊ. २०२४ च्या जानेवारीत प्रत्येक वस्तूची दोन-दोन पाकिटं आईने जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून खोक्यात भरून दिली. व्हिडिओ कॉलवर ती माझ्या शेजारी बसली होती. पलीकडचा मुलगा 'ब्रँड स्टोरी', 'टार्गेट ऑडियन्स' असं बोलत होता आणि मीही त्याच भाषेत उत्तरं देत होतो. मध्येच आईने हळूच विचारलं, "त्यांनी पापड तळून बघितला का?" मी तिला खुणेनेच थांबवलं. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

पाच आठवड्यांनी फाइली आल्या. दिसायला झकास! केळीच्या पानावर गुलाबीसर, एकसारखे गोल पापड. आईने चष्मा लावून मोबाइल जवळ घेतला आणि म्हणाली, "हे आपले नाहीत."

"अगं, एडिटिंग केलंय."

"एडिटिंगने नागलीचा तांदूळ होतो का?"

मजकूर इंग्रजीत होता. त्यात 'मधुमेह बरा करतो' अशा अर्थाची ओळ होती. ती मी वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "माझ्या पापडाने तुझ्या मामाची शुगर उतरली नाही रे, आपण असं कुठे म्हणतो?" मी म्हटलं, "मार्केटिंगमध्ये चालतं." ते चालत नाही. खाण्याच्या वस्तूने आजार बरा होतो असा दावा करायला एफएसएसएआयच्या २०१८ च्या नियमांत मनाई आहे. मला तेव्हा ते माहीत नव्हतं, पण आईला ते माहीत असण्याची गरजच पडली नाही.

मुख्य फोटो तर संकेतस्थळाने लगेच नाकारला. अशा ठिकाणी पहिल्या फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, त्यावर अक्षरं किंवा शिक्के चालत नाहीत. ॲमेझॉनचा तर असाही नियम आहे की वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापायला हवा. एजन्सीने केळीचं पान ठेवलं होतंच, वर '१०० टक्के नैसर्गिक' असा हिरवा शिक्काही मारला होता. तो काढून, पान पुसून लिस्टिंग सुरू केलं.

पहिल्या महिन्यात चाळीस पाकिटं गेली. आम्ही पेढे वाटले! मग तक्रारी सुरू झाल्या. 'काळे पापड पाठवले.' 'जुना माल.' एकाने फोटोच टाकला, शेजारी आमचा जाहिरातीतला गुलाबी पापड लावून. अकरा जणांचे पैसे परत गेले. कच्चा नागलीचा पापड काळपट तपकिरीच असतो आणि तळल्यावर फिका होतो, हे तुम्हाआम्हाला ठाऊक, पण फोटो बघून घेणाऱ्याला कसं कळणार? आई त्या प्रतिक्रिया माझ्याकडून वाचून घ्यायची. मग तिने विचारणं बंद केलं आणि गच्चीवरची दोरीही काढून ठेवली.

त्या रात्री मी कामाच्या सवयीने फोटोच्या फाइली उघडून पाहिल्या. फोटो कधी काढला ही तारीख बरेचदा फाइलमध्येच दडलेली असते. जून २०१९. आमचं पार्सल गेलं जानेवारी २०२४ मध्ये. दुसऱ्या दिवशी आईला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "जूनमध्ये कोण पापड वाळवतं?"

एजन्सीला फोन केला. आधी 'रेफरन्स इमेज' वगैरे झालं. मग कुणीतरी शोधून सांगितलं की आमचं पार्सल गोदामात आहे, न उघडलेलं. पैसे परत मागितले तर करार दाखवला: दोनदा दुरुस्ती मोफत, बाकीचं जादा, आणि 'प्रत्यक्ष वस्तूचं छायाचित्रण' ही वेगळी सेवा. माझी सही होती. पगाराच्या कामात मी ग्राहकाचा दहा पानी करार ओळीओळीने वाचतो. हा चार पानांचा होता.

पार्सल मात्र मी परत मागवलं, माझ्या खर्चाने. साडीची गाठ तशीच होती. आईने ती सोडवली, पाकिटं हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, "मसाला अजून चांगला आहे, वापरून टाकू."

आता फोटो घरीच काढलेत. बाल्कनीत सकाळचं ऊन, खाली पांढरा चार्ट पेपर, एका बाजूला थर्माकोलची पाटी, बस्स. पहिल्या फोटोत नुसतं पाकीट. दुसऱ्यात कच्चा आणि तळलेला पापड शेजारी शेजारी, आकार कळावा म्हणून आईचा हात. बांगड्या काढ म्हटलं तर ऐकलं नाही. मजकुराची पहिली ओळ तिने सांगितली तशीच टाकली: 'कच्चा पापड काळपट दिसतो, तळल्यावर फिका होतो आणि दुपटीने फुलतो.' पाकिटाचं वजन, किंमत, बनवणाऱ्याचा पत्ता हे सगळं लिस्टिंगवरही द्यावं लागतं, एजन्सीने तेही अर्धंच दिलं होतं.

महिन्याला दहा-बारा पाकिटं जातात, जास्त करून वापी आणि सुरतला. जुने तारे काही वर गेले नाहीत, ते तिथेच चिकटून बसलेत. परतावे मात्र थांबले. गेल्या आठवड्यात दोरी पुन्हा बांधली. या वर्षी नागली किती घ्यायची यावर आई आणि बाबांचं अजून एकमत झालेलं नाही.