चाकांवरचे यंत्र

भाड्याच्या घरांतून ज्याचे आयुष्य गेले त्याला भिंतीत खिळा ठोकतानादेखील घरमालकाची मर्जी सांभाळावी लागते. त्यामुळे जी वस्तू भिंतीकडे काही मागत नाही, ओटा फोडायला लावत नाही आणि बिऱ्हाड हलवायचे ठरताच स्वतःच्या चाकांवर निघण्यास सिद्ध असते, तिच्याविषयी मला फार आदर वाटत आला आहे. भांडी धुण्याचे आमचे जुने फिरते यंत्र या जातीचे होते. वडील कलकत्त्यास गार्डन रीच येथील रेल्वेच्या हिशेबखात्यात नोकरीस होते (बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळापासून तेथील दफ्तरात मराठी माणसांची ये-जा असे), आणि मायदेशी परतणाऱ्या परदेशी अंमलदारांचे सामान रसेल स्ट्रीटवरच्या लिलावघरांत विक्रीस येई, ते रविवारी सकाळी नुसते न्याहाळून येण्याचाही त्यांना छंद होता. त्या छंदापायी हे अमेरिकी बनावटीचे, कमरेइतके उंच, वरून झाकण उघडणारे पांढरे धूड आमच्या भवानीपूरच्या घरी आले.

असे यंत्र व्यवहारात प्रथम यशस्वी करून दाखविले ते इलिनॉय संस्थानातल्या जोसेफिन कॉक्रेन यांनी. नोकरांच्या हातून उंची चिनी बशांचे टवके उडतात हे त्यांना साहवेना. पती कर्ज ठेवून वारले, तरी त्यांनी नेट सोडला नाही, १८८६ मध्ये पेटंट मिळविले आणि १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात यंत्र जगापुढे मांडले. ते हॉटेलांच्या मुदपाकखान्यांत आधी रुळले. सामान्य गृहस्थाच्या स्वयंपाकघरात ते शिरले दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि ज्यांना घरात मोडतोड करण्याची मुभा नव्हती त्यांच्याकडे ‘मोबाइल मेड’सारख्या नावांनी, चाके लावून.

आमच्या यंत्राच्या पाठीमागे दोन रबरी नळ्या गुंडाळलेल्या असत आणि दोहोंचे तोंड एकच होते. ते नळाला खटकन बसविले की एका नळीने पाणी आत जाई आणि दुसरीने खरकटे पाणी त्याच तोंडातून खाली मोरीत पडे. काढताना आधी नळ बंद करावयाचा, मग तोंडावरची लहानशी कळ दाबून आत कोंडलेला दाब सोडावयाचा. हा क्रम चुकला तर समोरचा माणूस नखशिखान्त भिजे. आमच्या पितळी नळाला ते तोंड मुळात बसेना, तेव्हा मिस्त्रीने आटे पाडून एक जोडतुकडा घडवून दिला.

विजेचे प्रकरण अधिक मनोरंजक होते. यंत्र ११० व्होल्ट आणि सेकंदाला ६० आवर्तनांसाठी बनविलेले, घरात २२० व्होल्ट आणि ५० आवर्तने. चांदनी बाजारातून आणलेल्या ट्रान्सफॉर्मरने दाबाचा प्रश्न मिटला, आवर्तनांचा मिटणे शक्य नव्हते. आणि वेळ मोजणारी त्याची मोटर आवर्तनांच्याच हिशेबाने फिरत असल्यामुळे अमेरिकेत एका तासात संपणारे काम कलकत्त्यात ७२ मिनिटे चाले. हा विलंब मला दोष वाटला नाही. राईच्या तेलाचा थर निघायला तेवढा अवधी लागतोच.

त्याचा खरा गुण दिसला तो सत्तरीच्या दशकातल्या लोडशेडिंगमध्ये. वीज मध्येच जाई, आतला पंखा थांबे, आणि वेळ मोजणाऱ्या मोटरने फिरणारी दातेरी चकती जेथल्या तेथे उभी राही. दोन तासांनी दिवे आले की कोणी हात न लावता पुढची खळखळ तेथूनच सुरू होई. आजच्या यंत्रांतली नाजूक इलेक्ट्रॉनिक पाटी विजेच्या एका झटक्याने निकामी झालेली मी पाहिली आहे, म्हणून त्या चकतीचे मोल मी अधिक मानतो.

तारेचे कप्पे सपाट बशांच्या मापाचे होते. आमची उभ्या काठाची ताटे त्यांत तिरकी बसत, आणि वाटी पालथी घातली नाही तर तळाच्या पंख्याने उडविलेले पाणी तिच्यात साठून राही. तारांवरचे रबर हळदीने कायमचे पिवळे झाले. साधी साबणपूड घातली की फेस माजून पंखा नुसताच घुमे. म्हणून आई धुण्याचा सोडा वापरी, आणि पलत्याला गाळून टाल्याच्या टाकीतून येणारे गंगेचे पाणी फारसे जड नसल्यामुळे तेवढ्यावर भागे. तांब्या-पितळेची भांडी मात्र यंत्रात कधी गेली नाहीत. ती, कढया आणि पातेली मासीच्या, म्हणजे आमच्या मोलकरणीच्या, हातची; “जल एसेछे, बौदी!” (पाणी आले, वहिनी!) अशी तिची हाक आली की आधी तिच्या बादल्या भरावयाच्या आणि मग नळ यंत्राला द्यावयाचा, हा आईने घालून दिलेला दंडक. यंत्र आले म्हणून मासीच्या पगारातून एक पैसाही कमी होणार नाही, हे आईने पहिल्याच दिवशी वडिलांना बजावले होते.

वडिलांच्या पश्चात ते माझ्याबरोबर ढाकुरियाला आले. येताना टेम्पोतून उतरवून ते एकट्याने स्वयंपाकघरापर्यंत ढकलत नेता आले. तेथे ट्यूबवेलचे पाणी होते. त्यातल्या लोहाने आतल्या पांढऱ्या मुलाम्यावर तांबूस ओघळ धरले आणि क्षारांनी पेले धुरकट निघू लागले. तेव्हा रिकाम्या यंत्रात लिंबाचे सत्त्व टाकून एक फेरी चालवावी, असा परिपाठ पत्नीने घातला. त्याने डाग फिके होत. पेले पुन्हा लख्ख निघत. झाकणाचे रबर कडक होऊन पाझरू लागले तेव्हा चांदनीतल्याच एका कारागिराने मोटारीच्या दाराची रबरी पट्टी कापून ती त्या खाचेत बसवून दिली, आणि ती पट्टी मूळ रबरापेक्षा अधिक टिकली.